मशीन मंद

पंपावरच्या स्टॉक रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. बहुतेक ठिकाणी तो कोराच राहतो. आमच्या २००९ सालच्या रजिस्टरात १९ जानेवारीच्या ओळीत, त्या रकान्यात, निळ्या शाईने दोन शब्द लिहिले आहेत : ‘मशीन मंद’. २१ तारखेला पुन्हा तेच. २४ला थोडं जास्त : ‘मशीन मंद, भाऊंना सांगितले’. २८ तारखेपासून रकाना परत कोरा.

भाऊ म्हणजे मी. लिहिणारे पंपावरचे नाना. मधे २७ तारखेला मी जे केलं, ते आजवर उघडपणे कधी सांगितलेलं नाही.

पंप वडिलांनी १९७१ साली सुरू केला. तालुक्याच्या गावाबाहेर, राज्यमार्गाला लागून. जागा आमची, टाक्या आणि मशीन तेल कंपनीची. १९९४पासून मी बघतो. धंद्यात उतरलो तेव्हापासून नियमांबद्दल माझं मत पक्कं होतं. एक्स्प्लोझिव्हचं लायसन्स नागपूरच्या कार्यालयाच्या शिक्क्याचं, ना-हरकत कलेक्टरची, नोझलला शिक्का वजनमापेवाल्यांचा, त्यात प्रदूषण मंडळाचे कागद. प्रत्येक कागदामागे फेऱ्या आणि खर्च. मला वाटायचं, ज्यांनी आयुष्यात कधी पातळी मोजायला टाकीत डिपकाठी सोडली नाही, ते आम्हाला टाकी कशी सांभाळायची ते शिकवतात. जमिनीत पुरलेल्या टाकीला होणार काय? ऊन नाही, वारा नाही, हात लावायला कोणी नाही. डीलरांच्या बैठकीत मी हे उभं राहून बोललोय, टाळ्याही घेतल्यात. आगीचे नियम मला मान्य होते, कारण आग दिसते. मोबाइल बंद, बिडी बंद, टँकर लागला की आधी अर्थिंगची तार, वाळूच्या बादल्या भरलेल्या : यात आमच्या पंपाने कधी हयगय केली नाही. गळतीचे नियम मात्र मला कागदी वाटायचे.

आता टाकी म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगायला हवं. वीस हजार लिटरची टाकी म्हणजे साधारण दोन मीटर व्यासाचं, साडेसहा मीटर लांबीचं आडवं नळकांडं. ती खड्ड्यात बसवून वर वाळू, माती, मग काँक्रीट. वर दिसतात फक्त झाकणं आणि दूर उभा केलेला हवेचा उंच पाइप. टाकीपासून मशीनपर्यंत जमिनीखालून पाइप. पूर्वी आमच्याकडे सक्शनची मशीनं होती. मशीनमधली मोटर पेट्रोल ओढून घ्यायची, उसाचा रस नळीने ओढावा तसं. त्या पद्धतीत पाइपाला भोक पडलं तर पेट्रोल बाहेर पडण्याआधी हवा आत शिरते; मशीन खोकतं, धार तुटते, गिऱ्हाईक ओरडतं, मेकॅनिक येतो. २००७ साली कंपनीने टाकीतच बुडवायचा पंप दिला. तो खालून पेट्रोल ढकलतो. धार जोरदार, दोन्ही मशीनं एकदम चालली तरी दम कमी होत नाही. मी खूश होतो. पण ओढणं आणि ढकलणं यातला एक फरक माझ्या लक्षात आला नव्हता. ढकलणाऱ्या पाइपाला भोक पडलं तर हवा आत येत नाही, पेट्रोल बाहेर जातं, आणि नोझलवर उभ्या असलेल्या माणसाला ते कळण्याची सोयच नाही.

म्हणून त्या पंपाच्या डोक्यावर एक उपकरण बसवलेलं असतं. वीतभर लांबीचं, जड, आत पडदा आणि स्प्रिंग. वीज लागत नाही. पंप सुरू झाला की ते आधी पाइपात जेमतेम दाब सोडतं आणि काही सेकंद पाहतं की दाब टिकतोय का. टिकला तर वाट पूर्ण उघडतं. टिकला नाही तर उघडत नाही. धार मिनिटाला दहा-बारा लिटरवर अडवून ठेवतं. बोलत नाही, घंटा वाजवत नाही. मशीन मंद करतं, एवढंच. ताशी अकरा-साडेअकरा लिटरच्या गळतीला ते जागं व्हावं, अशी त्याची रचना.

२००९च्या जानेवारीत ते जागं झालं. नानांनी रजिस्टरात लिहिलं, मला सांगितलं. लग्नसराई होती, पंपावर मोटरसायकलींची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि धार करंगळीएवढी. मी मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, लाइन तपासावी लागेल, दिवसभर पेट्रोल बंद ठेवा. मी म्हणालो, तो अडकित्ता काढून टाक. तो नको म्हणत होता. मी आवाज चढवला. त्याने उपकरण काढलं, त्या जागी बूच मारलं आणि जाताना ते माझ्या टेबलावर ठेवलं. पाच मिनिटांत धार पहिल्यासारखी झाली. २७ जानेवारीची गोष्ट.

फेब्रुवारीत पेट्रोलमध्ये तूट दिसायला लागली. रोज पंधरा, कधी अठरा, कधी वीस लिटर. एखाद्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी पंचवीस. पेट्रोल उडतं, टँकर कमी येतो, डिप इकडेतिकडे होते, हे सगळे जाणतात; पण ही तूट एकाच दिशेची होती. मी रात्री वही घेऊन बसायचो. एका रात्री मला उत्तर ‘सापडलं’.

रोज सकाळी विक्री सुरू करण्याआधी प्रत्येक नोझलचं टेस्टिंग होतं. पाच लिटरच्या मापात पेट्रोल काढायचं, मापाच्या मानेवरची रेघ पाहायची आणि ते परत टाकीत ओतायचं. मीटरवर ते विक्री म्हणून चढतं, म्हणून वहीत ‘टेस्टिंग परत’ असं लिहून वजा करायचं. पेट्रोलची नोझलं चार. चार पंचे वीस. तूट पंधरा ते वीस. हिशोब इतका चपखल बसला की मला शंका म्हणून राहिली नाही : टेस्टिंगचं पेट्रोल टाकीत परत जात नाही, कॅनमधून बाहेर जातं. टेस्टिंग नाना करायचे. डिपपाइपाच्या झाकणाच्या कुलपाची किल्ली नानांच्या करदोट्याला असायची.

नाना आमच्याकडे १९७८पासून होते. मी शाळेत असताना ते मला सायकलवरून न्यायचे. मी त्यांना चोर म्हटलं नाही. त्याहून वाईट केलं. सगळ्या पोरांसमोर म्हणालो, ‘नाना, उद्यापासून टेस्टिंग मी करीन, किल्ली द्या.’ ते माझ्याकडे पाहत राहिले. किल्ली सोडवताना त्यांची बोटं थरथरत होती, दोरा दोनदा अडकला. टेबलावर किल्ली ठेवून एवढंच बोलले, ‘भाऊ, माप टाकीतच ओतलंय.’ दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतर आलेच नाहीत.

तूट थांबली नाही. मी स्वतः टेस्टिंग करत होतो, स्वतः ओतत होतो, तरी थांबली नाही. एवढ्यावर मला उमगायला हवं होतं. पण मला नाना खरे होते असं वाटलं नाही. सगळेच चोर आहेत असं वाटलं. मग मी टँकरच्या ड्रायव्हरांशी भांडलो, एका पोराला काढलं. माणसाचं मन असं का चालतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं कळलंय की जमिनीखाली पाहायची सोय नसली की डोळे जमिनीवर फिरतात, आणि तिथे सगळ्यात आधी जो सापडतो तो पगारी माणूस.

पंपाच्या मागे उताराला आप्पांचं रान आहे. विहीर आमच्या टाकीपासून साठेक मीटरवर. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं म्हणून त्यांचा मुलगा फूटव्हॉल्व्ह बघायला विहिरीत उतरला आणि अर्ध्यातून वर आला. डोकं गरगरतंय, म्हणाला, वास मारतोय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती विहिरीत खाली बसून राहते. त्याच्या खिशात काडेपेटी होती. ती त्याने पेटवली नाही, या एका गोष्टीवर मी आज पंप चालवतो आहे.

आप्पा बादली घेऊन आले. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग फिरत होता. ‘भाऊ, तुम्ही एकदा बघून घ्या,’ एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी काय म्हणालो? म्हणालो, तुमच्याच इंजिनाचं तेल सांडलं असेल. त्यांचं डिझेल इंजिन तीन वर्षांपासून गोठ्यात पडून होतं, विहिरीवर विजेची मोटर होती. मला ते माहीत होतं. तरी मी तसं म्हणालो, आणि पंधरा दिवस गेले.

शेवटी मे महिन्यात लाइन दोन्ही टोकांना बंद करून दाब दिला. गेजचा काटा मी पाहत होतो. तो झपकन पडला नाही, सावकाश उतरत गेला, घड्याळाच्या काट्यासारखा. दुसऱ्या मशीनखाली काँक्रीट फोडलं. तीन फुटांवर एल्बो सापडला. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात मनगट जाईल अशा भेगा पडतात. पाइप दर वर्षी थोडा वर, थोडा खाली होत राहिला असणार. आट्यांपाशी गंज चढला होता आणि खालच्या बाजूला, वरून कधीच दिसलं नसतं अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. खालची माती काळी नव्हती, हिरवट राखाडी झाली होती, आणि फावडं लागलं की वासाने डोळ्यांत पाणी यायचं. जानेवारीच्या मध्यापासून मेपर्यंत, रोज सरासरी सतरा-अठरा लिटर धरले, तरी दोन हजार लिटरच्या आसपास पेट्रोल त्या चिरेतून गेलं होतं.

त्या रात्री मी जानेवारीचं रजिस्टर काढलं. शेऱ्याचा रकाना मी त्याआधी कधी वाचला नव्हता.

नाना तेव्हा एका लाकडाच्या वखारीत हिशोब लिहायला जात होते. मी घरी गेलो, रजिस्टर बरोबर नेलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण दारात पोचल्यावर काही आठवलं नाही. पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, स्वतःचं अक्षर पाहिलं, ओळीवरून बोट फिरवलं. माफी मी मागितली, ती त्यांनी मान हलवून घेतली की नाही घेतली, मला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, ‘ते काढलेलं परत बसवलंत का?’ मी नाही म्हणालो. लाइन बदलायची होती, ते राहूनच गेलं होतं. ‘आधी ते बसवा,’ नाना म्हणाले. पंपावर परत येण्याचं मी दोनदा बोललो. ते आले नाहीत. २०१७ साली गेले.

यानंतर मी वाचायला लागलो. नियमांची पुस्तकं मी पूर्वीही पाहायचो, पण पळवाट शोधायला. आता पहिल्यांदा ती का लिहिली असतील या नजरेने वाचली.

आधी साधं गणित केलं, आणि त्या गणिताने माझा अनुभवाचा गर्व गेला. वीस हजारांची टाकी अर्धी भरलेली असताना डिपकाठीवरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे तेरा लिटर. माझी रोजची तूट जेमतेम दीड मिलिमीटर होती. काठी किंचित तिरपी गेली, काठीला लावलेल्या पेस्टवरची रेघ वाचताना मान वाकडी झाली, की तेवढा फरक आलाच. त्यात पेट्रोल उष्णतेने फुगतं. दहा हजार लिटरचं तापमान एका अंशाने बदललं की दहा लिटर इकडचे तिकडे. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटर. हे कोणत्या काठीवर दिसणार? अमेरिकेत वहीवरून गळती ओळखायची जी पद्धत आहे, तिच्यात महिन्याच्या उलाढालीचा एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे आणखी ४९२ लिटर, एवढा फरक झाला तरच शंका घ्यायची. त्या मापाने माझी महिन्याची पाचशे लिटरची तूट मर्यादेच्या आत बसली असती. म्हणूनच तिथे नुसत्या वहीवर कायमचं विसंबायला परवानगी नाही. होती ती टाकीच्या सुरुवातीच्या काही वर्षांपुरती, आणि तीही जोडीला गळतीची चाचणी करून. माझ्या बैठकीतल्या भाषणांत ‘वडिलांच्या काळापासून डिपकाठीवर चाललंय’ हे वाक्य हमखास असायचं. डिपकाठी विक्रीच्या हिशोबासाठी आहे. ती गळती पाहायचं साधन कधीच नव्हती.

दुसरं गणित पाण्याचं. आज आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन, सगळं विरघळलं तर, साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेपलीकडे नेऊ शकतं. दुष्काळात आमच्या तालुक्यात दहा हजार लिटरचे टँकर फिरतात. असे पंच्याऐंशी टँकर, एका लिटरला. आणि माझ्या पाइपातून दोन हजार लिटर गेलं होतं.

तेही अशा जमिनीत. विहीर खोदणाऱ्यांना आपला दगड ठाऊक असतो : वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाषाणातून पाणी झिरपत नाही, फटींतून धावतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली जातं आणि वाटेतल्या प्रत्येक फटीला चिकटून राहतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं की सुटून परत वर येतं. आप्पांच्या विहिरीचा वास दिवाळीत गेला, आम्हाला हायसं वाटलं, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर परत आला. असा तो २०१३पर्यंत येत राहिला.

भोपाळबद्दल लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळलो. तिथे हजारो माणसं मेली, त्याच्याशेजारी माझी चीर मांडणं बरं दिसत नाही. पण धोकादायक पदार्थाची टाकी म्हटलं की मी नेहमी भोपाळचंच नाव घ्यायचो आणि म्हणायचो, ते कारखान्यांचं प्रकरण आहे, आमचं नाही. नंतर वाचलं. ती ६१० क्रमांकाची टाकीसुद्धा जमिनीत अर्धवट पुरलेलीच होती, आत चाळीस टनांहून जास्त मिथाइल आयसोसायनेट. त्या रात्री, २ डिसेंबर १९८४ला, ती थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळायच्या धुराड्याचा पाइप दुरुस्तीसाठी सोडवलेला होता, आणि टाकीतला दाब वाढलेला दिसला तेव्हा गेजवर कोणाचा फारसा भरवसा नव्हता. उपकरणं सगळी होती. कागदावर होती. हे वाचताना माझ्या टेबलाच्या खणात ते वीतभर उपकरण पडून होतं.

अमेरिकेनेही पुरलेल्या टाक्यांचा धडा पाणी बिघडवूनच घेतला. १९८४ साली तिथे जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाला, १९८८मध्ये नियम आले, आणि जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८पर्यंत मुदत दिली : गंजापासून बचाव करा, भरताना सांडणार नाही आणि उतू जाणार नाही अशी सोय करा, नाहीतर टाकी बंद करा. पेट्रोल सोडून इतर घातक रसायनांच्या टाक्यांसाठी त्यांनी नियम अधिक कडक ठेवले. नव्या टाकीला दुहेरी भिंत, आणि दोन भिंतींमधल्या पोकळीवर लक्ष. आतली भिंत फुटली तर रसायन पोकळीत उतरतं, मातीत नाही, आणि तिथेच कळतं. आता नव्या पेट्रोलच्या टाक्यांनाही तिथे दुहेरी भिंत लागते. या मधल्या काळात तिथे नोंदलेल्या गळत्या पाच लाखांहून अधिक आहेत. मी म्हणायचो, पुरलेल्या टाकीला होणार काय. पाच लाख वेळा तेच झालं होतं.

जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नव्या पंपांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली : शाळा, दवाखाने, वस्ती यांपासून पन्नास मीटर, अगदीच अडचण असेल तर तीस मीटर आणि जोडीला जादा सुरक्षा. याविरुद्ध निवेदन द्यायचं म्हणून आमच्या भागातले डीलर माझ्याकडे आले. मसुदा मीच लिहायचा, कारण पूर्वी मीच लिहायचो. मी लिहिला नाही, सहीही केली नाही. त्यांना वाटलं, मी कोणाच्या तरी दबावाखाली आहे. मी रजिस्टर दाखवलं नाही, तेव्हा धीर झाला नाही. तो आज करतोय.

माझं मत सगळ्या बाबतीत बदललेलं नाही, तेही स्पष्ट सांगतो. एकाच गोष्टीसाठी चार कार्यालयांत चार वेगळे कागद देण्यात मला आजही अर्थ दिसत नाही. अंतराचा नियम आगीसाठी चांगला आहे, पण पन्नास मीटरची रेघ पाषाणातली फट ओळखत नाही. आप्पांची विहीर साठ मीटरवर होती. माझ्या मते पंपाच्या उताराच्या बाजूला एक निरीक्षण बोअर सक्तीचं हवं आणि त्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल शेजाऱ्याच्या हातात पडायला हवा. लाइनच्या चाचणीचा कागद फाइलीत जाण्याआधी पंपावरच्या माणसांनी वाचायला हवा. ज्याच्या हातात नोझल असतं त्याला धार मंद झालेली पहिल्यांदा कळते.

आणि हे लक्ष ठेवणं आता जास्त निकडीचं झालंय. पूर्वी टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी बसायचं, काठीच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलायचा. पावसाळ्यात टाकीत पाणी येतंय म्हणजे उन्हाळ्यात त्याच भोकातून पेट्रोल जाणार, एवढं जुन्या माणसाला समजायचं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं; तळाला काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा इथेनॉल पाण्यासकट वेगळं होऊन खाली बसलेलं असतं. जुन्या माणसाची ती खूणसुद्धा गेली. टाकीत बसवलेल्या मोजणीच्या यंत्रामुळे आता ऑफिसच्या पडद्यावर मिनिटामिनिटाला पातळी, तापमान, पाणी दिसतं. ते यंत्र आलं तेव्हा बाकीचे डीलर म्हणाले, कंपनीने आपल्यावर डोळा ठेवला. आमच्या पंपावर मी कॅशियर पोराला पहिल्या दिवशी सांगितलं, हा तुझा साक्षीदार आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हे मनोगत खरं होणार नाही. मे २००९ मध्ये काँक्रीट फोडलं तेव्हा निघालेल्या मातीच्या पहिल्या दोन ट्रॉल्या मी रात्री गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत टाकायला लावल्या. पुढची माती कंपनीच्या ठेकेदाराने रीतसर नेली. त्या दोन ट्रॉल्यांबद्दल मी कंपनीला, आप्पांना, कोणालाच बोललो नाही. खाण पावसाळ्यात भरते. पोरं तिथे पोहतात, आजूबाजूची गुरं पाणी पितात. इतक्या वर्षांत बेंझिन बरंचसं उडून आणि कुजून गेलं असेल, असं जाणकार सांगतात. असेलही. मला ते असेल-नसेलवर सोडायचं नाही.

गेल्या सोमवारी प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या बाटल्या घेऊन खाणीवर गेलो. बाटली इवलीशी असते, चाळीस मिलिलिटरची. पाणी काठोकाठ भरायचं आणि झाकण लावून उलटी करून पाहायची, आत बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा राहिला तर बेंझिन पाण्यातून त्याच्यात जातं आणि तपासणी खोटी ठरते. माझ्या तीन बाटल्यांत बुडबुडा राहिला. आप्पांचा मुलगा बरोबर आला होता, त्याला वाटेत सगळं सांगितलं होतं. तो काही बोलला नाही. त्याने बाटल्या माझ्या हातून घेतल्या, पाण्यात बुडवून तिथेच झाकणं लावली आणि बर्फाच्या डब्यात उभ्या ठेवल्या. अहवाल दहा दिवसांनी येणार आहे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यायची, असं आम्ही येताना ठरवलं.